मोझांबिक : किनारा, लोक आणि अर्थव्यवस्था

प्राथमिक शाळेत परदेशांचा भूगोल शिकविताना राजधान्या, नद्या व पिके यांची यादी पाठ करून घेण्याकडे पाठाचा ओघ सहज वळतो. मुले यादी म्हणून दाखवितात, परीक्षा होते आणि यादी विसरली जाते. याउलट एकच देश घेऊन तेथील जमीन, पाऊस, नद्या, माणसे आणि व्यापार यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविला, तर मुलांस ‘असे का?’ हे विचारण्याची सवय लागते. भूगोलाच्या शिक्षणाचा खरा आरंभ या प्रश्नापासून होतो.

या दृष्टीने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक हा देश अभ्यासास फार उपयुक्त आहे. गोव्याशी त्याचा सुमारे अडीचशे वर्षे राज्यकारभाराचा संबंध होता. कोकण-गोव्याचा काजू आणि तेथील काजू हे दोन्ही पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले. आपल्या घरी शिजणाऱ्या तुरीच्या डाळीपैकी काही तूर त्या देशात पिकलेली असते. सुपीक खोरी, कोळसा, नैसर्गिक वायू, जलविद्युत आणि उत्तम बंदरे असूनही मोझांबिकची गणना जगातील अत्यंत गरीब देशांत होते. असे का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याच्या नकाशावरच वाचावयास मिळते. ते कसे वाचावे, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

स्थान व विस्तार

मोझांबिक हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे १० ते २७ अंश अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला आहे. मकरवृत्त त्याच्या दक्षिण भागातून जाते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून अधिक आहे. किनाऱ्याची लांबी जवळजवळ २,५०० किलोमीटर असून ती महाराष्ट्राच्या किनाऱ्याच्या सुमारे तिप्पट भरते. समोर समुद्रात मादागास्कर हे मोठे बेट आहे. बेट आणि किनारा यांमधील पाण्याच्या पट्ट्यास मोझांबिकची सामुद्रधुनी म्हणतात.

नकाशावर या देशाचा आकार झाडाच्या बेचक्यासारखा दिसतो. एक फाटा उत्तरेस टांझानियाकडे गेला आहे व दुसरा वायव्येस झांबेझी नदीच्या काठाने आत शिरला आहे. या दोन फाट्यांच्या मध्ये मलावी हा देश बसलेला आहे. उत्तरेस टांझानिया आणि पश्चिमेस व नैर्ऋत्येस मलावी, झांबिया, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका व एस्वातिनी असे त्याचे सहा शेजारी आहेत. यांपैकी मलावी, झांबिया, झिंबाब्वे आणि एस्वातिनी या चार देशांस समुद्रकिनारा नाही. मोझांबिकच्या इतिहासाची गुरुकिल्ली या साध्या गोष्टीत आहे. शिक्षकांनी हे चार देश मुलांकडून रंगवून घ्यावेत आणि ‘येथील लोकांस बाहेरून माल आणावयाचा झाल्यास तो कोठून येईल?’ असे विचारावे.

भूरचना व नद्या

कोकणात समुद्रापासून थोड्याच अंतरावर सह्याद्री उभा राहतो. मोझांबिकच्या दक्षिण भागात तसे नाही. तेथे किनाऱ्याची सखल पट्टी फार रुंद आहे आणि जमीन पश्चिमेकडे हळूहळू चढत जाते. मध्यभागात व उत्तरेस पठारे आहेत. झिंबाब्वेच्या सीमेवरील बिंगा हे सर्वांत उंच शिखर २,४३६ मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सुमारे आठशे मीटरने अधिक.

उत्तर सीमेवर रोवुमा, मध्ये झांबेझी, तिच्या दक्षिणेस सावे व त्याही खाली लिंपोपो या मुख्य नद्या होत. झांबेझी ही आफ्रिकेतील चौथ्या क्रमांकाची लांब नदी असून तिने देशाचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग केले आहेत. या मोठ्या नद्यांपैकी बहुतेकींचा उगम परदेशात आहे. वरच्या देशांत अतिवृष्टी झाली, तर आकाश निरभ्र असतानाही मोझांबिकच्या सखल गावांत पूर येऊ शकतो. वरच्या धरणांचे दरवाजे उघडले तरी तोच परिणाम होतो. इ. स. २००० मध्ये लिंपोपो, सावे इत्यादी नद्यांना आलेल्या महापुरात सुमारे सातशे माणसे मृत्युमुखी पडली आणि लोकांना छपरांवर व झाडांवर बसून सुटकेची वाट पाहावी लागली.

हवामान, वारे व वादळे

हा देश दक्षिण गोलार्धात असल्याने तेथील ऋतू आपल्या उलट असतात. साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च हा तेथे उन्हाळा व पावसाळा असतो. एप्रिल ते ऑक्टोबर हे महिने कोरडे व काहीसे थंड असतात. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची घाई असते, तेव्हा तेथे कोरडा हंगाम चालू असतो. उत्तर व मध्य भागांत पाऊस चांगला पडतो, परंतु दक्षिणेकडील अंतर्भाग कोरडा असून तेथे वारंवार अवर्षण पडते.

जुन्या काळी या किनाऱ्याचा व्यापार मोसमी वाऱ्यांवर चाले. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांच्या साहाय्याने भारत व अरबस्थानची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेस जात आणि पुढे वारा फिरला की नैर्ऋत्य वाऱ्यांच्या बळावर परत येत. आपल्या शेतीस पाऊस देणारे वारेच या दोन किनाऱ्यांना जोडणारी वाट होते.

समुद्राकडून येणारी चक्रीवादळे हे मात्र या किनाऱ्यावरील मोठे संकट आहे. १४ मार्च २०१९ च्या रात्री ‘इडाय’ हे वादळ बेइरा शहराजवळ किनाऱ्यावर आदळले. बेइरा हे सखल जागी वसलेले बंदर आहे. शहराची प्रचंड हानी झाली, आसपासची शेते समुद्रासारख्या पाण्याखाली गेली आणि मोझांबिकमध्ये सहाशेहून अधिक लोक मरण पावले. त्या वेळी भारतीय नौदलाची सुजाता व शार्दूल आणि तटरक्षक दलाचे सारथी ही जहाजे मदतीस धावली, आणि बाहेरून प्रथम पोहोचलेल्या मदतीत त्यांची गणना झाली. पुढच्याच महिन्यात ‘केनेथ’ हे दुसरे प्रबळ वादळ उत्तर भागावर आले. २०२३ मध्ये ‘फ्रेडी’ वादळाने या देशाच्या किनाऱ्यास दोन वेळा तडाखा दिला.

लोक, भाषा व राहणी

२०१७ च्या जनगणनेत मोझांबिकची लोकसंख्या सुमारे २ कोटी ८० लक्ष भरली. त्यानंतर ती तीन कोटींच्या पलीकडे गेली आहे. देशाच्या विस्ताराच्या मानाने ही वस्ती विरळ आहे. बहुतेक लोक बांटू भाषाकुलातील भाषा बोलतात. उत्तरेकडील मखुवा हा सर्वांत मोठा समाज होय. झांबेझीच्या खोऱ्यात सेना, दक्षिणेत चांगाना, तर टांझानियाच्या सीमेजवळ माकोंदे लोक राहतात. माकोंदे लोकांचे काळ्या लाकडावरील कोरीवकाम जगप्रसिद्ध आहे. दक्षिणेतील चोपी लोक लाकडी पट्ट्यांचे व खाली भोपळे बांधलेले ‘तिंबिला’ नावाचे वाद्य वाजवितात. ख्रिस्ती धर्माचे लोक बहुसंख्य आहेत. उत्तर किनाऱ्यावर मुसलमानांची वस्ती मोठी असून ती जुन्या सागरी व्यापाराची खूण आहे.

मक्याच्या पिठाचा घट्ट शिजविलेला ‘शिमा’ हे तेथील रोजचे अन्न होय. कसावा नावाच्या कंदाचा आहारात मोठा वाटा असतो. आपल्याकडील साबुदाणा याच कंदापासून तयार होतो, हे सांगितल्यास मुलांची ओळख लवकर पटेल. कसाव्याची कोवळी पाने कुटून भुईमूग व नारळाच्या रसात शिजविली की ‘मातापा’ ही भाजी होते. स्त्रिया ‘कापुलाना’ नावाचे रंगीत कापड कमरेस गुंडाळतात व त्याच कापडाने मूल पाठीशी बांधून शेतात कुदळीने काम करतात. कापडाचा हा व्यापार दीर्घकाळ भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांकडे होता.

इतिहासाचा मागोवा

पोर्तुगीज येण्यापूर्वी कित्येक शतके हा किनारा हिंदी महासागराच्या व्यापारात सामील होता. आताच्या झिंबाब्वेच्या पठारावरील सोने सोफाला बंदरात येई आणि तेथून उत्तरेस जाई. त्याच्या बदल्यात गुजरातचे सुती कापड व मणी मिळत. इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा भारताकडे येताना या किनाऱ्यावर थांबला. १५०५ मध्ये पोर्तुगिजांनी सोफाला येथे ठाणे घातले आणि पुढे मोझांबिक बेटावर मोठा किल्ला बांधला. या बेटाचे नाव पुढे सबंध देशास मिळाले. १७५२ पर्यंत या प्रदेशाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले.

सोन्यामागून हस्तिदंत व हस्तिदंतामागून माणसे, असा या व्यापाराचा क्रम लागला. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत लाखो माणसे गुलाम म्हणून ब्राझील, फ्रेंच बेटे व इतर ठिकाणी नेण्यात आली. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर सक्तीची मजुरी आली. १९३८ नंतर उत्तरेकडील शेतकरी कुटुंबांवर कापसाची सक्ती करण्यात आली. कापूस ठरलेल्या कंपनीस ठरलेल्या अल्प भावाने द्यावा लागे आणि अन्नधान्यास वेळ व जमीन पुरत नसे. ही सक्ती १९६१ मध्ये उठली.

१९६२ मध्ये एदुआर्दो मोंडलाने यांच्या अध्यक्षतेखाली ‘फ्रेलिमो’ ही मुक्ती संघटना स्थापन झाली. १९६४ मध्ये तिने सशस्त्र लढा सुरू केला. १९६९ मध्ये मोंडलाने यांची बाँबच्या साहाय्याने हत्या करण्यात आली. पुढे सामोरा माशेल यांनी नेतृत्व केले आणि २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र होऊन ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. गोव्यातील बार्देश येथे जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे विचारवंत माशेल यांचे निकटचे सल्लागार होते. १९८६ च्या ज्या विमान अपघातात माशेल मरण पावले, त्यातच ब्रागांसा यांचाही अंत झाला.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात अंतर्गत युद्ध पेटले. ‘रेनामो’ या बंडखोर संघटनेस प्रथम ऱ्होडेशियाच्या व नंतर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीचे साहाय्य होते. १९७७ ते १९९२ या काळात युद्ध, दुष्काळ व रोग यांमुळे सुमारे दहा लक्ष माणसे दगावली. पूल, लोहमार्ग व दवाखाने यांबरोबर हजारो प्राथमिक शाळा उद्ध्वस्त वा बंद झाल्या. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे शांतता करार झाला आणि १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणुका झाल्या. जमिनीत पेरलेले सुरुंग काढण्याचे काम पुढे वीस वर्षांहून अधिक काळ चालले. त्या कामी वासाने सुरुंग ओळखणारे, शिकवून तयार केलेले मोठे आफ्रिकी उंदीरही वापरण्यात आले. २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

लोहमार्गांचा नकाशा

आता मोझांबिकचा लोहमार्गांचा नकाशा पाहावा. दक्षिणेस मापुटो बंदरातून दक्षिण आफ्रिकेकडे एक मार्ग जातो. मध्यभागी बेइरा बंदरातून झिंबाब्वेकडे व झांबेझीच्या खोऱ्यातील कोळशाच्या खाणींकडे मार्ग जातात. उत्तरेस नाकाला या खोल पाण्याच्या नैसर्गिक बंदरातून मलावीकडे मार्ग जातो. हे सर्व मार्ग समुद्रापासून पश्चिमेस शेजारी देशांकडे अथवा खाणींकडे धावतात. देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत जाणारा एकही सलग लोहमार्ग नाही.

याचे कारण असे. १८८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल प्रांतात सोन्याच्या मोठ्या खाणी सापडल्या. त्या खाणींस सर्वांत जवळचे बंदर मापुटो होते. त्या वेळी त्याचे नाव लोरेन्सो मार्किश असे होते. १८९५ मध्ये तेथून ट्रान्सवालला जाणारा लोहमार्ग खुला झाला, आणि १८९८ मध्ये राजधानी उत्तरेकडील मोझांबिक बेटावरून दक्षिणेच्या या कोपऱ्यात हलविण्यात आली. एवढ्या लांब देशाची राजधानी अगदी एका टोकास का, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर परक्या देशातील सोन्यात आहे.

या मार्गाने माल जाई, तशी माणसेही जात. दक्षिण मोझांबिकमधील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या त्या खाणींत मजुरीस जात आले. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्यांची संख्या लाखाच्या वर गेली होती. पोर्तुगीज अमदानीत त्यांच्या वेतनाचा काही भाग राखून ठेवून तो सोन्याच्या रूपाने सरकारकडे पोहोचता होई. घरची शेती स्त्रियांवर पडे. कोकणातील ज्या गावांतून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत जात, त्या गावांतील शिक्षकांस ही स्थिती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

देशाच्या दक्षिणोत्तर हमरस्त्यावरील वाहने झांबेझीच्या खालच्या पात्रापाशी येत, तेव्हा त्यांना तरीवर चढवून पलीकडे न्यावे लागे. काइया येथील रस्त्याचा पूल २००९ मध्ये झाला. शेजाऱ्यांच्या मालासाठी एकोणिसाव्या शतकातच आगगाडी आली आणि देशाच्या दोन भागांना या हमरस्त्यावर सांधणारा पूल मात्र शंभराहून अधिक वर्षांनी आला.

शेती : काजू व तूर

काम करणाऱ्या लोकांपैकी बहुसंख्य लोक शेतीवर जगतात. शेते लहान, कोरडवाहू व बहुधा कुदळीने कसलेली असतात. मका, कसावा, ज्वारी, भुईमूग व कडधान्ये ही पोटापुरती पिके होत. कापूस, ऊस, तंबाखू, तीळ, नारळ, काजू व तूर यांपासून पैसा मिळतो. किनाऱ्यावर कोळंबीची मासेमारी महत्त्वाची आहे.

काजूची हकिकत विशेष अभ्यासण्यासारखी आहे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोझांबिक काजूच्या उत्पादनात जगात अग्रभागी होता. एका हंगामात दोन लक्ष टनांहून अधिक काजूबी तेथे गोळा झाली होती. पुढे युद्धामुळे बागा ओस पडल्या, झाडे म्हातारी झाली आणि उत्पादन घसरले. तरीही काजूबी फोडून गर काढणारे कारखाने उभे होते व त्यांत हजारो कामगार, विशेषतः स्त्रिया, काम करीत होत्या.

काजूचा धंदा कसा चालतो, हे कोकणातील मुलांस ठाऊक असते. बी वाफवावी लागते. टरफलातील तेल कातडीस भाजते म्हणून ती जपून फोडावी लागते. मग गरावरील साल काढून प्रत लावावी लागते. चार-पाच किलो काजूबीपासून साधारण एक किलो गर निघतो, आणि बीपेक्षा गरास भाव पुष्कळ अधिक मिळतो. वाढीव किमतीतील मजुरी व नफा जेथे बी फुटते तेथे राहतो.

१९९५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या आग्रहावरून मोझांबिक सरकारने कच्च्या काजूबीवरील निर्यात-कर उतरविण्यास सुरुवात केली. कर कमी झाल्यास शेतकऱ्यास अधिक भाव मिळेल, हा त्यामागील विचार होता. विचार सर्वस्वी चुकीचा नव्हता, कारण परदेशी खरेदीदार आल्याने भावात काही वाढ झाली. परंतु ती वाढ बव्हंशी व्यापाऱ्यांत वाटली गेली व शेतकरी कुटुंबाच्या हाती वर्षाकाठी फार थोडे पडले. दुसरीकडे, बी फोडण्यासाठी भारतात जाऊ लागली, आणि २००१ पर्यंत तेथील बहुतेक मोठे कारखाने बंद पडून हजारो कामगार बेकार झाले. सरकारने १९९९ मध्ये कर पुन्हा वाढविला व पुढे लहान कारखाने उत्तरेकडील नांपुला भागात उभे राहिले, परंतु पूर्वीचे स्थान परत मिळाले नाही. या प्रकरणी भारतातील कामगारांस काम मिळाले, ही गोष्टही मुलांपासून लपवू नये. एका किनाऱ्यावरील कामाचा संबंध दुसऱ्या किनाऱ्यावरील बेकारीशी कसा असतो, हे समजणे म्हणजेच आर्थिक भूगोल समजणे होय.

तुरीचे उदाहरण अधिक अलीकडचे आहे. झांबेझिया व नांपुला या प्रांतांतील लहान शेतकरी तूर पिकवितात. तेथे तिचा खप थोडा असून ती मुख्यतः भारतासाठी पिकविली जाते. २०१५ मध्ये भारतात तुरीचे भाव कडाडल्यावर जुलै २०१६ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. तुरीची आयात पाच वर्षांत एक लक्ष टनांवरून दोन लक्ष टनांपर्यंत वाढविण्याचे ठरले. परंतु २०१६-१७ च्या हंगामात भारतातच भरघोस पीक आले. महाराष्ट्रात ५,०५० रुपये हमीभाव असता बाजारातील दर त्याखाली गेले व खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली. त्याबरोबर मोझांबिकमधील तुरीचे भाव कोसळले आणि भारताच्या भरवशावर पेरा वाढविलेला तेथील शेतकरी अडचणीत आला. मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकरी आणि झांबेझियातील शेतकरी यांनी एकमेकांस कधी पाहिलेले नाही, परंतु त्या वर्षी दोघांच्याही घरी तूर पडून होती.

वीज, कोळसा व वायू

झांबेझी नदीवरील काहोरा बासा हे धरण पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, १९७४ मध्ये पुरे झाले. तेथील वीजकेंद्राची क्षमता २,०७५ मेगावॉट आहे. यांपैकी बरीचशी वीज सुमारे १,४०० किलोमीटर लांबीच्या तारांनी दक्षिण आफ्रिकेस जाते. धरणाची बहुतांश मालकी २००७ मध्ये मोझांबिककडे आली. दक्षिणेकडील राजधानीच्या भागास मात्र वीज दीर्घकाळ दक्षिण आफ्रिकेच्या तारांमधून फिरून मिळत आली आहे. लोहमार्गांच्या नकाशात जे दिसते, तेच विजेच्या तारांतही आढळते.

तेते प्रांतात मोआतिझे येथे कोळशाच्या मोठ्या खाणी आहेत. त्यांतील पोलादासाठी लागणारा कोळसा भारतातही येतो. दक्षिण भागातील नैसर्गिक वायू २००४ पासून नळाने दक्षिण आफ्रिकेस जाऊ लागला. २०१० नंतर उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांताच्या समुद्रात वायूचे प्रचंड साठे सापडले व त्यांत भारतीय सरकारी कंपन्यांनीही भाग घेतला. परंतु या प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंडाळी सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाल्यावर किनाऱ्यावरील मोठ्या प्रकल्पाचे काम काही वर्षे थांबले व लक्षावधी लोकांस गाव सोडावे लागले. या बंडाळीस अतिरेकी धार्मिक प्रचार कारण झाला, तसेच तेथील तरुणांचे दारिद्र्य व उपेक्षाही कारण झाली. दाराशी संपत्ती सापडली तरी तिचा वाटा दारातील माणसास मिळतोच असे नाही, हे येथेही दिसले.

शिक्षणाची स्थिती

स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ९३ टक्के लोक निरक्षर होते. २०१७ च्या जनगणनेनुसार प्रौढ निरक्षरतेचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवर आले होते, स्त्रियांत मात्र ते निम्म्याच्या आसपास होते. युद्धात शाळा जळाल्या असताना झालेली ही प्रगती लहान नाही. पोर्तुगीज ही तेथील राजभाषा आहे, परंतु ती ज्यांची मातृभाषा आहे असे लोक सुमारे एकषष्ठांशच आहेत. मूल घरी मखुवा किंवा सेना बोलते आणि पहिल्या इयत्तेत त्याच्या कानी एकदम परकी भाषा पडते. म्हणून या शतकाच्या आरंभापासून काही शाळांत पहिल्या वर्षांचे शिक्षण मातृभाषेतून देऊन मग पोर्तुगीजकडे नेण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे गोंडी, कोरकू वा भिली बोलणाऱ्या मुलांस शिकविणाऱ्या शिक्षकांस या प्रश्नाचे मोल चांगले कळेल.

मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर पिवळा तारा असून त्यावर उघडे पुस्तक, कुदळ आणि बंदूक ही चिन्हे आहेत. बंदूक संरक्षणाची, कुदळ शेतीची व पुस्तक शिक्षणाचे द्योतक आहे. या तिहींपैकी बंदुकीने देशास स्वातंत्र्य मिळवून दिले आणि पुढे तिनेच फार नुकसानही केले. कुदळीचे मोल बाजारातील भावावर अवलंबून राहिले. पुस्तकाचे काम अद्याप चालू आहे, आणि ते तेथील खेड्यापाड्यांतील शिक्षक एकेका वर्गात मोठ्या पटसंख्येस तोंड देत करीत आहेत.

वर्गातील उपक्रम

हा पाठ दोन तासिकांत घेता येईल. पहिल्या तासिकेस मुलांकडून मोझांबिकचा बाह्याकार काढून घ्यावा. चार मोठ्या नद्या निळ्या, लोहमार्ग काळ्या व दक्षिणोत्तर हमरस्ता तांबड्या रंगाने दाखवावा. काळ्या रेघा एकमेकींस मिळत नाहीत, हे मुलांनी स्वतः पाहावे. शिक्षकांनी ते आधी सांगू नये. दुसऱ्या तासिकेस तुरीचे चार दाणे, एक काजूबी व थोडा साबुदाणा टेबलावर ठेवून प्रत्येक वस्तूचा मोझांबिकशी संबंध मुलांकडून काढून घ्यावा. मोठ्या इयत्तांत पुढील प्रश्न द्यावेत.

१. मोझांबिकची राजधानी देशाच्या दक्षिण टोकास का आहे?

२. पाऊस न पडताही मोझांबिकच्या गावांत पूर कसा येऊ शकतो?

३. पाच किलो काजूबी परदेशी विकणे आणि एक किलो गर परदेशी विकणे, यांत गावाच्या दृष्टीने काय फरक पडतो?

४. २०१७ मध्ये भारतातील व मोझांबिकमधील तूर उत्पादक एकाच वेळी अडचणीत का आले?

५. आपल्या तालुक्यातून कोणता माल कच्चा बाहेर जातो आणि तो कोठे पक्का होतो, याची घरी चौकशी करून पाच ओळी लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे गावागावांत निराळी येतील. ती वर्गात वाचून दाखवावीत आणि शक्य झाल्यास तालुक्याच्या नकाशावर नोंदवून घ्यावीत.